चकमकीतले काटेरी गोळे

मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात जुन्या काचपट्ट्या कपाटात जपून ठेवलेल्या असतात. गाठीचा तुकडा तपासून झाला, अहवाल दिला, रुग्ण घरी गेला, तरी ती काचपट्टी लगेच फेकत नाहीत. काही वर्षांनी तोच रुग्ण परत येतो. दरम्यान नवी तपासणी निघालेली असते. जुनी काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि कधी कधी पहिले निदान चुकले होते असे निघते. नमुना शाबूत असेल, तर अशी चूक दुरुस्त करता येते. नमुनाच नसेल, तर हाती उरते ते फक्त कोणाचे तरी मत.

क्रिश्चियन गॉटफ्रीड एरेनबर्ग या जर्मन वैद्याच्या आयुष्याकडे या नजरेने पाहिले, तर ते नीट समजते. जंतूंसाठी आज जगभर वापरला जाणारा ‘बॅक्टेरियम’ हा शब्द त्याने रूढ केला. दगडाच्या पोटातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव प्रथम ओळखणाऱ्यांत त्याचे नाव आहे. ज्युरासिक काळातल्या खडकांचे वय ठरवताना आज जी सूक्ष्म कवचे पाहतात, त्यांच्या अभ्यासाची सुरुवातही त्याच्यापाशी होते. गंमत अशी की, ज्या सिद्धांतासाठी तो आयुष्यभर भांडला तो चुकीचा ठरला आणि त्याने दिलेली कित्येक नावेही बदलली. तरी त्याचे काम टिकले. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

एरेनबर्गचा जन्म १९ एप्रिल १७९५ रोजी लाइपझिगजवळच्या डेलिच या लहान गावात झाला. वडील गावात न्यायदानाचे काम पाहत. मुलाने धर्मशास्त्र शिकावे असे ठरले आणि त्याप्रमाणे तो लाइपझिगला गेलाही, पण मन रमले नाही. त्याने वैद्यक घेतले आणि बर्लिन गाठले. तिथे १८१८ मध्ये त्याने पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता बर्लिनच्या परिसरातल्या बुरश्या. सुमारे २५० जातींची नोंद त्यात होती आणि त्यांतल्या कित्येक नव्या होत्या.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बुरशीवर प्रबंध लिहावा, हे आज विचित्र वाटेल. पण त्या काळी कुजक्या फळावर किंवा शिळ्या भाकरीवर येणारी बुरशी आपोआप, निर्जीव पदार्थातून उपजते, असे अनेक विद्वानही मानत. बुरशी बीजाणूंपासून वाढते, हे एरेनबर्गने प्रयोग करून दाखवले. सजीव हा सजीवापासूनच येतो, या विचाराच्या बाजूने त्याचे हे पहिले काम होते. पुढे पाश्चरने हा वाद निकालात काढला, तेव्हा एरेनबर्ग म्हातारा झाला होता.

बर्लिनमध्ये त्याला विल्हेल्म हेम्प्रिख नावाचा मित्र भेटला. तोही वैद्यच होता आणि त्यालाही निसर्गाचे वेड होते. १८२० मध्ये दोघे जनरल मिनुटोलीच्या मोहिमेबरोबर इजिप्तला निघाले. मोहीम पुरातत्त्वाची होती. या दोघांनी प्राणी, वनस्पती आणि दगड गोळा करायचे होते. लिबियाचे वाळवंट, नाईलचे खोरे, नुबिया, सिनाई, लेबनॉन, तांबड्या समुद्राचे दोन्ही किनारे अशी ही भटकंती जवळजवळ साडेपाच वर्षे चालली. उन्हाने, तापाने आणि आमांशाने माणसे गळत गेली. सोबतचे मदतनीस एकामागून एक रोगाला बळी पडले. शेवटी ३० जून १८२५ रोजी एरिट्रियातल्या मसावा बंदरात हेम्प्रिखही तापाने गेला. त्याचे वय तिशीच्या आत होते. दोन वैद्य एकत्र निघाले होते, त्यांतला एकच परतला.

या प्रवासात डिसेंबर १८२३ मध्ये, सिनाईच्या किनाऱ्यावरच्या तोर या ठिकाणी, एरेनबर्गला समुद्राचे पाणी लालसर झालेले दिसले. त्याने ते पाणी भरून घेऊन पाहिले. त्यात बारीक तंतूंचे पुंजके तरंगत होते. पुढे त्याने या जीवाला ‘ट्रायकोडेस्मियम’ हे नाव दिले. अरबी समुद्रात गोव्याच्या आणि कोकणच्या बाजूलाही हा जीव अधूनमधून पाण्यावर तवंगासारखा पसरतो. समुद्राचा रंग पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवांमुळे बदलू शकतो, ही गोष्ट एरेनबर्गच्या मनात तिथे ठसली.

मोहिमेत सुमारे ३४ हजार प्राण्यांचे आणि ४६ हजार वनस्पतींचे नमुने जमा झाले होते. ते पेट्यापेट्यांनी बर्लिनला रवाना होत गेले. पण एरेनबर्ग परतला तोपर्यंत संग्रहालयाने त्यांतले कित्येक नमुने जादा म्हणून विकून टाकले होते. कोणता प्राणी कुठे मिळाला याच्या चिठ्ठ्याही विस्कळीत झाल्या होत्या. ज्यासाठी मित्राचा जीव गेला, त्या संग्रहाचा पुरता हिशेब लागणे आता शक्य नव्हते. त्या मोहिमेवरचा त्याचा ग्रंथ अपुराच राहिला. पुढच्या आयुष्यात त्याने सूक्ष्मजीवांचा जो संग्रह केला, तो मात्र मरेपर्यंत स्वतःच्या ताब्यात ठेवला.

१८२७ मध्ये बर्लिन विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. १८२९ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने त्याला रशियाच्या मोहिमेवर सोबत घेतले. उरल पर्वत, सायबेरिया, पार चीनच्या सीमेपर्यंत ते गेले. परतल्यावर १८३१ मध्ये ज्युली रोझशी त्याचे लग्न झाले. यानंतर एरेनबर्गने दूरचे प्रवास थांबवले आणि त्याचे लक्ष पाण्याच्या थेंबावर स्थिरावले.

त्या वेळी साचलेल्या पाण्यात दिसणाऱ्या सगळ्या सूक्ष्म जीवांना मिळून ‘इन्फ्युसोरिया’ म्हणत. त्यात आजचे जिवाणू होते, अमिबासारखे जीव होते, शेवाळे होती आणि अगदी बारीक प्राणीही होते. या गर्दीत क्रम लावण्याचे काम एरेनबर्गने हाती घेतले. पाण्यात नीळ आणि कार्माइनचा लाल रंग कालवून त्याने तो या जीवांना खाऊ घातला. त्यांच्या शरीरात रंगीत ठिपके दिसू लागले. एरेनबर्गने निष्कर्ष काढला की ही त्यांची जठरे आहेत, आणि एकेका जीवाला अनेक आहेत. मग त्याने त्यांना आतडी दिली, ग्रंथी दिल्या, जननेंद्रियेही दिली. सर्वांत लहान जीवही मोठ्या प्राण्याइतकाच परिपूर्ण असतो, हा त्याचा सिद्धांत. १८३८ मध्ये त्याने याच मथळ्याचा मोठा ग्रंथ काढला. त्यात ६४ चित्रपाने होती आणि चित्रे बहुतेक त्याच्या स्वतःच्या हातची होती.

फ्रान्समधल्या फेलिक्स द्युजार्दिनने मात्र तेच जीव पाहून वेगळे सांगितले. हे ठिपके जठरे नाहीत, ते जागा बदलतात, दिसेनासे होतात आणि पुन्हा तयार होतात. आत इंद्रिये नसून एक चिकट, एकजिनसी सजीव पदार्थ आहे. द्युजार्दिनचे बरोबर होते. एका पेशीचाही स्वतंत्र जीव असू शकतो, हे हळूहळू सगळ्यांनी मान्य केले. एरेनबर्गने ते कधीच मानले नाही. पुढे डार्विनचा उत्क्रांतिवादही त्याला पटला नाही. या बाबतीत तो हट्टी होता आणि त्याचा हट्ट चुकीचा होता.

पण त्याच ग्रंथांतून वैद्यकाला कायमचे शब्द मिळाले. काठीसारख्या बारीक जीवांसाठी त्याने १८२८ मध्ये ‘बॅक्टेरियम’ हा शब्द वापरला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच छोटी काठी. मळसूत्रासारख्या वळणाच्या एका जीवाला १८३५ मध्ये त्याने ‘स्पायरोकीटा’ म्हटले. सत्तर वर्षांनी, १९०५ मध्ये, सिफिलिसचा जंतू सापडला तेव्हा त्याचे पहिले नाव याच शब्दावरून ठेवले गेले.

१८३६ च्या उन्हाळ्यात या कामाला अनपेक्षित वळण मिळाले. कार्ल्सबादजवळ चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना चालवणाऱ्या फिशर नावाच्या गृहस्थाने त्याला कळवले की, फ्रान्झेन्सबादच्या दलदलीतली पांढरी माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती सगळी बारीक कवचांचीच बनलेली दिसते. एरेनबर्गने पाहिले आणि ते खरे निघाले. ती डायटम नावाच्या शैवालांची गारेची कवचे होती. मग त्याने बोहेमियातल्या बिलिन गावचा, धातू घासायला वापरतात तो मऊ दगड पाहिला. त्याच्या हिशेबाप्रमाणे त्या दगडाच्या एका घन इंचात सुमारे ४१ अब्ज जीवांची कवचे होती. डोंगरच्या डोंगर अशा जीवांच्या सांगाड्यांचे असू शकतात, ही कल्पना त्या काळच्या लोकांना चक्रावून टाकणारी होती.

तिथून तो चकमकीच्या दगडाकडे वळला. चकमक ही खडूच्या थरांत तयार होणारी कठीण गार. उत्तर जर्मनीच्या मैदानात ती सर्वत्र विखुरलेली असते, कारण हिमयुगात सरकणाऱ्या बर्फाने ती उत्तरेकडून आणून टाकली. एरेनबर्गने हातोडीने तिच्या पातळ कपच्या काढल्या. इतक्या पातळ की त्यांतून उजेड आरपार जावा. सुमारे ३०० पट मोठे करून पाहिल्यावर त्या कपच्यांत, काचेत अडकलेल्या बुडबुड्यांसारखे, जीव दिसले.

त्यांत दोन प्रकार होते. काही जीवांच्या कमरेभोवती खाच होती आणि अंगावर तबकड्यांचे चिलखत होते. असे जीव एरेनबर्गने समुद्राच्या आणि तळ्याच्या पाण्यात जिवंत पोहताना पाहिले होते. त्यांना त्याने ‘पेरिडिनियम’ हे नाव दिले होते. त्याने ओळखले की दगडातले जीव याच कुळातले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव त्याने आपल्या जन्मगावावरून, डेलिचच्या लॅटिन रूपावरून ठेवले. त्याची ही ओळख अचूक होती.

दुसरा प्रकार म्हणजे काटेरी गोळे. केसाच्या जाडीइतका गोळा आणि त्यावर चहूबाजूंनी काटे, काही सरळ, काही टोकाला फाटे फुटलेले. असे काही पोहताना त्याने कधी पाहिले नव्हते. गोड्या पाण्यातल्या ‘झँथिडियम’ या हिरव्या शैवालाला थोडेसे असेच काटे असतात. म्हणून या गोळ्यांनाही एरेनबर्गने तेच नाव दिले. हे निदान चुकले. तो गोळा झँथिडियम नव्हता.

१८४३ मध्ये त्याने आणखी मागचा टप्पा गाठला. पोलंडमधल्या क्राकूजवळच्या प्रवाळयुक्त चुनखडीत त्याला सूक्ष्मजीवांचे अवशेष मिळाले. ही चुनखडी ज्युरासिक काळातली, म्हणजे आजच्या मोजणीप्रमाणे सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीची. जमिनीवर डायनोसॉर फिरत असताना समुद्रात काय तरंगत होते, याचा मागोवा इथून सुरू झाला.

काटेरी गोळ्यांचे पुढे काय झाले, ही गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे. १८४५ च्या सुमारास लंडनमधल्या हेन्री डीन या औषधविक्रेत्याने खडू आम्लात विरघळवला, तेव्हा हे गोळे मागे उरले आणि दाबल्यावर वाकले, फुटले. म्हणजे ते गारेचे नव्हते, चामड्यासारख्या चिवट सेंद्रिय पदार्थाचे होते. इग्वानोडॉन या डायनोसॉरचा शोध लावणारा इंग्लिश शल्यवैद्य गिडियन मँटेल यानेही हे तपासले आणि हे झँथिडियम नव्हेत असे म्हणून त्यांना ‘स्पिनिफेराइट्स’ हे वेगळे नाव सुचवले. १९३० च्या दशकात ओट्टो वेट्झेलने त्यांना साळिंदराच्या ग्रीक नावावरून नवे नाव दिले. साळिंदर-गोळ्यांच्या शेकडो जाती नोंदल्या गेल्या. पण हा जीव नेमका कोण, प्राणी की वनस्पती, अंडे की बीज, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तर १९६१ मध्ये अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ विल्यम एव्हिटने दिले. हे काटेरी गोळे आणि एरेनबर्गने अचूक ओळखलेले खाचवाले जीव एकाच गटातले होते. त्या गटाला आज डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. नावात ‘डायनो’ असले तरी डायनोसॉरशी त्याचा संबंध नाही. इथे हा ग्रीक शब्द गरगर फिरण्यासाठी आला आहे. या एकपेशीय जीवाला दोन चाबकासारखे तंतू असतात. एक कमरेच्या खाचेत, दुसरा मागे लोंबणारा. त्यांच्या हालचालीने तो गिरक्या घेत पोहतो. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या प्रकाशाने चमकतात, तो उजेड याच गटातल्या ‘नॉक्टिल्युका’ या जीवाचा.

पोहणाऱ्या जीवाचे चिलखत सेल्युलोजचे असते आणि मेल्यावर ते लवकर कुजते. पण यांतल्या काही जाती जीवनचक्राच्या एका टप्प्यात स्वतःभोवती अत्यंत चिवट कवच तयार करून तळाशी जाऊन बसतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला अमिबाची सिस्ट ठाऊक असते. कल्पना तीच आहे. बाहेर परिस्थिती अनुकूल झाली की जीव कवचाला दार पाडून बाहेर पडतो आणि पोहू लागतो. रिकामे कवच चिखलात राहते. चिखलाचा खडक होतो आणि कवच कोट्यवधी वर्षे टिकते.

एव्हिटने दोन खुणा पाहिल्या. काटेरी गोळ्यांवर एक भोक असते, आणि एका जातीत ते नेहमी ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकाराचे असते. तो अपघाताने पडलेला तडा नव्हे, ते बाहेर पडण्याचे दार आहे. दुसरे म्हणजे काटे मनमानेल तसे उगवलेले नसतात. पोहणाऱ्या जीवाच्या अंगावर तबकड्यांची जी मांडणी असते, तिच्याशी काट्यांची मांडणी जुळते. साचा मोडला तरी मूर्तीवर त्याचा ठसा राहावा, तसे. काही वर्षांतच अमेरिकेतल्या वुड्स होल येथे डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी आजच्या समुद्राच्या तळातून जिवंत काटेरी सिस्ट आणल्या आणि त्या उबवल्या. त्यांतून डायनोफ्लॅजेलेट बाहेर पडून पोहू लागले. एरेनबर्गला जे पाहायला मिळाले नव्हते ते आता डोळ्यांसमोर घडले.

ज्युरासिक खडकातल्या सिस्ट ओळखण्याची पद्धत आज याच खुणांवर उभी आहे. खडकाचा तुकडा आधी हायड्रोक्लोरिक आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लात घालतात. चुना आणि गार विरघळते, सेंद्रिय कवचे उरतात. ती काचपट्टीवर घेतात. मग क्रमाने पाहतात : कवच पोहणाऱ्या जीवाच्या आकाराला चिकटून आहे की काट्यांवर उभे आहे, त्याचे थर किती, तबकड्यांच्या रेषा कशा, आणि दार कोणत्या तबकडीच्या जागी आहे. फ्रान्सच्या जॉर्ज देफ्लान्द्रने १९३८ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या ज्युरासिक थरातून जी जात नोंदवली, ती आज ‘गोन्यालासिस्टा ज्युरासिका’ म्हणून ओळखली जाते. तिचे दार कमरेच्या खाचेवरच्या रांगेतली एकच तबकडी गळून तयार होते. अशा जाती खडकाच्या ठरावीक थरांतच सापडतात, म्हणून त्या थराचे वय सांगतात. तेलविहीर खणताना वर येणाऱ्या चुऱ्यातून हाडे किंवा मोठे शंख मिळत नाहीत, पण या सिस्ट हजारोंनी मिळतात. आपल्याकडे कच्छच्या ज्युरासिक खडकांतूनही त्या नोंदवल्या गेल्या आहेत.

आरोग्याच्या दृष्टीनेही या सिस्ट महत्त्वाच्या आहेत. काही डायनोफ्लॅजेलेट सॅक्सिटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. कालवे, तिसऱ्या असे शिंपल्यातले जीव पाणी गाळून खातात, त्यामुळे ते विष त्यांच्या अंगात साठते. ते खाल्ल्यावर ओठ आणि जीभ बधिर होते, हातापायांना मुंग्या येतात आणि गंभीर रुग्णात श्वासाचे स्नायू लुळे पडतात. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही आणि त्याला उतारा नाही. रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवणे हाच उपचार. समुद्रतळाच्या चिखलात या जातींच्या सिस्ट किती आहेत, हे मोजले तर पुढच्या वर्षी लाट येण्याचा धोका किती याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी ती सिस्ट अचूक ओळखावी लागते.

एरेनबर्गच्या हयातीत यांतले काहीच ठाऊक नव्हते. तो मात्र जगभरातून येणारी माती, धूळ आणि चिखल तपासत राहिला. १८४८ मध्ये बर्लिनमध्ये एका घरी उकडलेल्या बटाट्यावर रक्तासारखे लाल डाग दिसले. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या पवित्र भाकरीवर असे डाग दिसले की ज्यूंवर आळ घेतला जाई आणि त्यापायी माणसे मारली जात. एरेनबर्गने ते डाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, दुसऱ्या बटाट्यावर आणि भाकरीवर लावून वाढवले आणि दाखवून दिले की हे रक्त नव्हे, वाढणारे सूक्ष्मजीव आहेत. त्या जंतूला आज ‘सेरेशिया’ म्हणतात. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गांमुळे तो आजच्या डॉक्टरांच्याही परिचयाचा आहे.

चार्ल्स डार्विनने जानेवारी १८३२ मध्ये केप व्हर्द बेटांजवळ ‘बीगल’ जहाजावर पडलेली तपकिरी धूळ गोळा केली होती. ती आणि तशीच आणखी काही पुड्या त्याने पुढे एरेनबर्गकडे पाठवल्या. एरेनबर्गने त्यांत ६७ प्रकारचे सजीवांचे अवशेष मोजले. वाऱ्यावरून सूक्ष्मजीव समुद्रापार जातात, याचा तो सुरुवातीचा पुरावा ठरला. अशा सगळ्या कामाचा ‘मिक्रोगेओलोगी’ हा ग्रंथ १८५४ मध्ये निघाला.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. अभ्रकाच्या पातळ तुकड्यावर नमुना घ्यायचा, कॅनडा बाल्समच्या डिंकात बसवायचा, कुठून आला ते लिहायचे, चित्र काढायचे आणि उरलेली माती पुडीत बांधून ठेवायची. निष्कर्ष काढून झाला म्हणून पुडी फेकायची नाही. उतारवयात त्याची मुलगी क्लारा या कामात मदतनीस झाली. १८७५ मध्ये नेदरलँड्सच्या विज्ञान अकादमीने लेव्हेनहूक पदक सुरू केले, तेव्हा पहिला मान एरेनबर्गला मिळाला. पुढच्याच वर्षी, २७ जून १८७६ रोजी, बर्लिनमध्ये त्याचे निधन झाले. तोपर्यंत त्याचे मुख्य सिद्धांत मागे पडले होते. तरुण शास्त्रज्ञांना तो मागच्या पिढीतला वाटत होता.

त्याचा संग्रह बर्लिनच्या संग्रहालयात गेला आणि आजही तिथे आहे. सुमारे ४० हजार सूक्ष्मदर्शकी नमुने, ५ हजार मातीच्या पुड्या, ३ हजार चित्रे आणि जवळजवळ हजार पत्रे. चकमकीतला जो काटेरी गोळा त्याने झँथिडियम म्हणून नोंदवला, त्याला आज मँटेलच्या नावाने ‘स्पिनिफेराइट्स रामोसस’ म्हणतात. त्यातला ‘रामोसस’, म्हणजे फांद्यांचा, हा शब्द एरेनबर्गचाच आहे. जातीच्या नावापुढे आजही त्याचे नाव आणि १८३८ हे साल कंसात लिहितात. कंसाचा अर्थ असा की मूळ वर्णन याचे, पण वंशाचे नाव नंतर बदलले. शास्त्राने त्याची चूक झाकली नाही आणि त्याचे श्रेयही काढून घेतले नाही.

२००७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या संग्रहातल्या डार्विनच्या धुळीच्या पुड्या पुन्हा उघडल्या. त्या धुळीतून जिवंत जिवाणू आणि बुरश्या वाढवता आल्या. दीडशेहून अधिक वर्षे कागदात बांधलेली चिमूटभर धूळ, जिच्याबद्दल त्याला जे सांगायचे होते ते त्याने केव्हाच सांगून टाकले होते, ती त्याने तरीही जपली होती. तिच्यातून पुढे काय निघेल, हे त्याला माहीत असणे शक्यच नव्हते.